मधली चाळीस मिनिटं

घाटंजीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत जफर राहायचा. त्याचा बाप मेकॅनिक. इंजिन खोलायच्या आधी ते कानानं ऐकायचं, ही त्याची शिकवण. ती पोराला देऊन तो लवकरच गेला. पोरानं गॅरेज काही चालवलं नाही. दुसऱ्याच्या गाडीखाली उताणं पडून जन्म काढणं त्याच्या जिवावर यायचं. त्यानं एक जुनी पांढरी चारशे सात घेतली, सगळे तिला मेटॅडोरच म्हणायचे, आणि तो माल वाहू लागला. लग्नाचे पलंग, पंचायतीचे पाइप, सिमेंट, गणपती, जे मिळेल ते. आणि दिवाळीपासून होळीपर्यंत कापूस.

बोलायला माणूस कमी, पण गाडीच्या बाबतीत भारी चोखंदळ. गावातल्या निम्म्या गाड्यांचे वेगाचे काटे शून्यावर मरून पडलेले असायचे. जफरचा काटा मात्र जिवंत. केबल तुटली की दुसऱ्या दिवशी नवी. कोणी हसलं तर म्हणायचा, "काटा नसला तं मले झोपेत गाडी चालवल्यावानी वाटते." आजवर त्याच्या चाकाखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. हे तो कोणाला सांगत नसे, पण मनातल्या मनात त्याला त्याचं बरं वाटायचं.

ही गोष्ट दोन हजार सहाच्या डिसेंबरातली. त्या साली कापसाचं काही खरं नव्हतं. सरकारी खरेदी आज सुरू, उद्या बंद. भाव सकाळी एक तर संध्याकाळी दुसराच. कोणी कापूस घरातच दाबून बसलं होतं, कोणी येईल त्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं होत होतं. नागपूर-मुंबईचे पेपरवाले जीपगाड्या घेऊन खेडोपाडी फिरत आणि दिसेल त्याला थांबवून विचारत. जफरला मात्र काम होतं. घाटंजीच्या एका व्यापाऱ्याचा कापूस तो पांढरकवड्याच्या बाजूच्या जिनिंगवर, सरकी काढायच्या कारखान्यावर, नेऊन टाकायचा. जायला चाळीस किलोमीटर, यायला चाळीस.

त्या दिवशी व्यापाऱ्याच्या माणसानं दुपारी एकच्या ठोक्याला गाडी भरून दिली. कापूस टपाच्याही वर रचलेला, दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा बाहेर आलेला, वरून दोर आवळलेले. अशी गाडी हत्तीसारखी डुलते. त्यात रस्ता अरुंद, आणि पुढं जिनिंगकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग. जफरनं काटा वीसवर धरला तो धरलाच. येताना गाडी रिकामी, समोर रस्ता मोकळा, कारण गाड्या सगळ्या तिकडंच चाललेल्या. मग काटा साठवर. घाटंजीजवळच्या फाट्यावर त्याला चार माणसं घोळका करून उभी दिसली. एक चप्पल रस्त्यावर पडलेली होती. काही झालं असेल, असं मनात येऊन गेलं. पण थांबला नाही. तो गल्लीत शिरला तेव्हा मशिदीत तिसऱ्या प्रहरची अस्रची अजान चालू होती, चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्याच्या बायकोनं, रशीदानं, चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार दारात.

"गाडी कुठी हाय तुही?"

"हे काय, समोर उभी हाय. काहून साहेब?"

जमादार गाडीला एक फेरी मारून आला. मागच्या जाळीला कापसाचे धागे चिकटलेले होते. एक धागा त्यानं चिमटीत धरून ओढला. "चाल ठाण्यात."

झालं होतं ते असं. फाट्याजवळच्या तांड्यावरचा म्हातारा बाबूसिंग बिडीबंडल घ्यायला रस्त्यावर आला होता. मागून आलेल्या गाडीनं त्याला उडवलं आणि ती घाटंजीच्या दिशेनं निघून गेली. मांडीचं हाड मोडलं. म्हाताऱ्याला एवढंच दिसलं की गाडी पांढरी होती आणि तिच्या मागं कापूस लोंबत होता. तेवढ्यात साडेतीनची यवतमाळ बस फाट्यावर आली. लोकांनी त्याला उचलून बसमध्ये घातलं, म्हणून तो वाचला. वेळ त्यामुळं पक्की होती. गाडी मात्र पक्की नव्हती. त्या दिवसांत कोणत्या गाडीच्या मागं कापूस लोंबत नव्हता?

जमादार काही वाईट माणूस नव्हता. मारझोड नाही, शिवीगाळ नाही. समोर बसवून त्यानं सरळ विचारलं, आणि जफरनंही सगळं सरळ सांगितलं. एकला निघालो. जाताना वीसनं, येताना साठनं. जिनिंगवर गाडी खाली व्हायला अर्धा तास. चार-दहाला घरी. फाट्यावर लोकं दिसले, पन मधी कुठीच थांबलो नाइ.

जमादारानं पेन्सिल घेतली.

"वीस अन् साठ, ऐंशी. भागिले दोन, चाळीस. म्हंजे सरासरी चाळीसनं चालला तू. बरोबर?"

"बरोबर असन साहेब."

"जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर. चाळीसच्या हिशेबानं दोन तास. अर्धा तास गाडी खाली कराले. एकले निघाला तं साडेतीनले फाट्यावर पायजेन." त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "साडेतीनलेच म्हातारा पडला. अन् तू घरी आला चार-दहाले. मधली चाळीस मिनिटं कुठी होता?"

जफर कागदावरच्या आकड्यांवर वाकला.

"गाडी धुतली का कुठी नाल्यावर?"

"नाइ साहेब. मी थांबलोच नाइ."

"मंग फाट्यावर लोकं दिसले तरी थांबला नाइ, असं तूच म्हनतं. काहून नाइ थांबला?"

जामिनावर जफर संध्याकाळी घरी आला. गाडी मात्र ठाण्याच्या लिंबाखाली उभी राहिली.

जिनिंगवर चौकशी झाली. तिथं दिवसाला गाड्यांची रीघ. कोणती कधी आली, कधी गेली, हे हमालांना कुठं आठवणार? तो दिवस तेवढा आठवला, वेळ नाही.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कोणी तोंडावर बोललं नाही, पण पानठेल्यावर जफर गेला की बोलणं थांबायचं. बाबूसिंगचा मुलगा नेमसिंग एकदा बाजारात समोर आला. भांडला नाही. नुसता उभा राहिला, पाहिलं, आणि निघून गेला. ते जफरला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

रशीदा म्हणायची, "तुमी खोटं बोलत नाइ, मले मालूम हाय. मी अजान ऐकली ना."

"अजान बरोबर हाय. पन हिशेब बी बरोबर हाय ना," जफर म्हणायचा. "जमादारानं माह्या समोर केला."

इथंच खरी गोम होती. जमादार खोटं बोलतो असं असतं तर जफरला राग तरी आला असता. पण आकडे त्याचे स्वतःचे होते. वीस त्यानंच सांगितले, साठ त्यानंच सांगितले. त्यातून चाळीस मिनिटं उरत होती आणि त्यांचा पत्ता लागत नव्हता. दिवसामागून दिवस तो ओट्यावर बसून तो रस्ता डोक्यात चालवायचा. हे वळण, तो नाला, ती बाभूळ. कुठं थांबलो? डुलकी लागली का? काही आदळल्यासारखं झालं होतं का? असं पुन्हा पुन्हा उगाळल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक दिवस त्याला खरंच वाटायला लागलं, की हो, फाट्यावर काहीतरी धप्प झालं होतं. त्यानं ते रशीदाला सांगितलं.

रशीदा घाबरली. हातातलं पीठ तसंच ठेवून म्हणाली, "हे असं वकीलसाहेबासमोर बोलजा नोको."

वकील होते सदाशिवराव. तीन पिढ्या कचेरीत आणि कोर्टात गेलेलं घर, भलं माणूस. जफरनं त्यांचं बरंच सामान वाहिलं होतं, म्हणून त्यांनी खटला घेतला. त्या संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात जफर खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"हे बघ जफर," सदाशिवराव म्हणाले, "हिशेब मीही करून पाहिला. सरासरी चाळीसच येते. कुठे थांबला असशील तर मला सांग. चहा प्यायला, कोणाशी बोलायला. थांबण्यात काही गुन्हा नाही."

"नाइ थांबलो साहेब." मग तो म्हणाला, "थांबलो असन बी. आता मले काहीच समजून नाइ राह्यलं. माह्याच हातून झालं असन तं लिहून टाका तसं."

सदाशिवरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, कुंदाबाई, चहा घेऊन बाहेर आल्या. त्या गावातल्याच शाळेत गणित शिकवायच्या. जफरची मुलगी जिया त्यांच्या वर्गात होती. खटल्याबिटल्यात त्या कधी पडत नसत; त्यांना वेगळंच विचारायचं होतं.

"जफरभाऊ, जिया शाळेत का येत नाही? आजारी आहे का?"

जफरनं मान खाली घातली. "नाइ बाई. पोट्ट्या चिडवतात तिले. म्हनतात, तुह्या बापाची चाळीस मिनिटं कुठी गेली, सापडली का?"

"कसली चाळीस मिनिटं?"

मग सदाशिवरावांनीच सांगितलं. जाताना वीस, येताना साठ, सरासरी चाळीस, ऐंशी किलोमीटरला दोन तास. कुंदाबाई ट्रे हातात धरून ऐकत होत्या.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "जफरभाऊ, नुसतं जायला किती वेळ लागला तुम्हाला?"

"चाळीस किलोमीटर, वीसनं... दोन तास, बाई."

"आणि जमादारांच्या हिशेबानं जाऊन-येऊन किती?"

"दोन तास," सदाशिवराव म्हणाले.

"अहो, मग येणं कुठे गेलं?"

सदाशिवरावांचा चष्मा हातातच राहिला.

"दोन तास तर जाण्यातच संपले," कुंदाबाई म्हणाल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि वर्गात बोलतात तशा बोलायला लागल्या. "माझी निम्मी मुलं दरवर्षी हीच चूक करतात. दोन वेग मिळवायचे आणि दोननं भागायचं. ते कधी चालतं? दोन्ही वेगांनी सारखाच वेळ चाललो तर. इथं अंतर सारखं आहे, वेळ सारखा नाही. जफरभाऊ दोन तास हळू चालले, आणि जोरात चालले फक्त चाळीस मिनिटं. म्हणजे बहुतेक वेळ ते हळूच होते. मग सरासरी मधोमध कशी येईल? ती हळूकडेच झुकणार. ऐंशी किलोमीटर, दोन तास चाळीस मिनिटं. सरासरी तीस येते, चाळीस नाही."

"तीस," सदाशिवराव हळूच म्हणाले. मग एकदम खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे एकला निघाला, तीनला जिनिंगवर, साडेतीनला तिथून निघाला, आणि चार-दहाला—"

"चार-दहाला घरी," जफर म्हणाला.

त्याला ते भागाकार नीटसे कळले नव्हते. पण बैलगाड्यांच्या मागचे ते दोन तास त्याच्या अंगात होते. पायाला लागलेली कळ, क्लचवर दुखणारा डावा गुडघा, रस्त्याचं संपता न संपणं. ते त्याला कळलं.

"म्हंजे मी कुठीच थांबलो नाइ," तो म्हणाला.

"कुठेच नाही," कुंदाबाई म्हणाल्या. "हरवलेली मिनिटं कधी नव्हतीच. आणि उद्यापासून जियाला शाळेत पाठवा. हे गणित मी फळ्यावरच घेणार आहे."

दुसऱ्या दिवशी सदाशिवराव ठाण्यात गेले. फौजदारांनी ऐकून घेतलं, मान डोलावली. जमादाराला मात्र ते पचेना. "वकीलसाहेब, कागदावर तुमी काही बी कराल," तो म्हणाला. "वीस अन् साठची सरासरी तीस कशी होते? मले डोळ्यानं दाखवा."

"मग डोळ्यांनीच बघा," सदाशिवराव म्हणाले. "तीच गाडी, तोच रस्ता, तेवढाच कापूस. तुम्ही शेजारी बसा."

फौजदारांना ते पटलं. प्रश्न उरला कापसाचा. व्यापारी असल्या कामाला माल देईना. तेव्हा बोलावून घेतलेला नेमसिंग कोपऱ्यातून म्हणाला, "माह्या घरचा भरा. तसा बी नेवाचाच हाय. अन् मी बी येतो संग. मले पाहू द्या काय ते."

असा तो प्रवास ठरला. जफरनं महिनाभरानं गाडीला हात लावला. बॅटरी उतरली होती, ढकलून सुरू करावी लागली. ठाण्यातल्या शिपायांनीच ढकलली. तांड्यावर नेमसिंगच्या घरून कापूस भरला. बायकांनी पाट्यांनी आणून ओतला, पण जफरशी कोणी बोललं नाही. पुन्हा गावात येऊन, एकच्या ठोक्याला, व्यापाऱ्याच्या गोदामापासून ते निघाले. मध्ये जमादार, खिडकीशी नेमसिंग.

पहिले काही किलोमीटर जमादार मजेत होता. मग पुढं बैलगाड्या लागल्या.

"हॉर्न मार ना बे."

"बैल बिचकतात साहेब. आन् बाजूनं काढाले जागा कुठी हाय? कापूस झाडाले लागते."

"त्या दिवशी बी असंच होतं?"

"असंच."

जमादारानं काट्याकडे पाहिलं. वीस. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. वीस. ऊन काचेतून मांडीवर येत होतं. डुलणाऱ्या गाडीत त्याला डुलकी लागली, जागा झाला, तर पुढं तीच बैलगाडी आणि तिच्यावर तोच पाठमोरा माणूस. "आपुन चालून राह्यलो की उभे हाओत?" तो म्हणाला. नेमसिंगला हसू आलं आणि त्यानं ते खिडकीबाहेर तोंड करून लपवलं.

जिनिंगचं गेट आलं तेव्हा जमादारानं मनगट वळवून घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. त्यानं जफरकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि पुन्हा घड्याळाकडे. गाडी खाली झाली. नेमसिंगचा कापूस ढिगाऱ्यात मिसळून गेला. हमालांनी फळ्या लावल्या, जफरनं इंजिन सुरू केलं. जमादार एक पाय पायरीवर ठेवून वर चढता चढता थांबला.

"आत्ता," तो म्हणाला.

"काय आत्ता?" नेमसिंगनं विचारलं.

"साडेतीन. आत्ता तुह्या बापाले बसमधी उचलून राह्यले." त्यानं चारी बाजूंना पाहिलं. कापसाचे पुंजके हवेत तरंगत होते, हमाल आरडाओरडा करत होते. "अन् हा मानूस अथी उभा हाय. चाळीस किलोमीटरवर."

नेमसिंग चढून आत बसला, सरकून त्यानं जमादाराला खिडकीची जागा दिली आणि स्वतः जफरच्या शेजारी झाला.

परतीला रस्ता मोकळा होता. काटा साठवर गेला. आणि तो कमी बोलणारा जफर, काय झालं कोणास ठाऊक, एकदम बोलायलाच लागला. बापाची गॅरेजमधली गोष्ट सांगितली. मुकुटबनला एकदा लग्नाचं सामान चुकीच्या नवरीच्या घरी उतरवलं होतं ते सांगितलं. गाडीचे स्प्रिंगचे पाटे कसे बदलले, रशीदाच्या हातची खिचडी कशी, जिया गणितात कशी आहे. बैलगाड्या समोरून येत आणि मागं पडत. जमादार मधेच बोटं मोडत पुटपुटायचा, "दोन तास हळू... अन् हे तं सुरू झालं नाइ अन् संपलं बी." फाटा आला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं होत आली होती.

"थांबव," जमादार म्हणाला. गाडी थांबली. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "जफर, तुह्यापाशी मिनिटं नव्हतीच बाप्पा. म्याच तुले कमी देल्ली, अन् वरून चोरली म्हनून लिवलं." मग टोपी डोक्यावर घालून म्हणाला, "मी लिहून देतो साहेबाले. आजच."

"पानी पेता का साहेब?" असं जफरनं विचारलं.

नेमसिंग खाली उतरला आणि दार धरून उभा राहिला. "तांड्यावर चाल," तो म्हणाला. "बापाले भेट."

बाबूसिंग खाटेवर होता, पाय प्लास्टरमध्ये वर बांधलेला. मिशा पांढऱ्याशुभ्र, नजर अजून तेज. नेमसिंगनं त्याला त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. म्हातारा ऐकत राहिला, मग जफरकडे वळून म्हणाला, "आव, बेस." ये, बस. खाटेच्या कडेवर त्यानं हातानं जागा केली.

"म्या कधी तुहं नाव घेतलं नाइ," तो म्हणाला. "पांढरी गाडी म्हनलो. पांढऱ्या गाड्या तं लय हायत."

"मी त्या रोजी फाट्यावरून गेलतो चाचा," जफर म्हणाला. "लोकं दिसले मले. थांबाले पायजे होतं."

"थांबला असता तं काय केलं असतं? मी तं बसमधी होतो." बाबूसिंग हसला आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळला. सुनेनं चहा आणला. सकाळी कापूस भरताना तोंड फिरवून उभ्या असलेल्या बायका आता दाराशी गोळा झाल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "पोट्टीले घेऊन येजो एखांद्या वेळी."

घरी आल्यावर जफर दारातच थांबला. रशीदानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला विचारायची गरज पडली नाही. ती तिथंच उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाशी धरून. जिया शाळेचं दप्तर घेऊन आतून आली. "अब्बू, आज बाईंनी मलेच उभं केलं फळ्यासमोर. मीच सोडवलं ते उदाहरण. बाकी पोट्ट्यांचं चाळीस आलं."

जफर जेवला आणि अंगणात खाट टाकून आडवा झाला. उन्हं उतरत होती. रशीदा काही विचारायला आली तर तो गाढ झोपलेला. इतका की शेजारच्यांची शेळी खाटेखाली शिरून ओरडली तरी कूस बदलली नाही.

पोलिसांचा नवा अहवाल कोर्टात गेला. सदाशिवरावांना फार बोलावंच लागलं नाही. न्यायाधीशांनी कागद वाचला, मधेच थांबून बोटांनी टेबलावर काहीतरी हिशेब केला, हसू दाबलं, आणि पुढचं वाचलं. जफर सुटला. म्हाताऱ्याला उडवणारी गाडी मात्र शेवटपर्यंत सापडली नाही. ती पांढरी होती, तिच्यामागं कापूस होता, यापुढं कोणालाच काही कळलं नाही.

बाबूसिंगचं प्लास्टर काढायला यवतमाळला न्यायचं होतं तेव्हा जफरनंच नेलं, मागं पोत्यांवर गादी टाकून. जाताना हळू, कारण म्हाताऱ्याच्या हाडाला धक्का नको. येताना म्हातारा स्वतःच पुढं बसला आणि आणखी जोरात चालव म्हणून मागं लागला. नेमसिंग पुढच्या हंगामापासून आपला आणि तांड्यावरल्या आठ-दहा घरांचा कापूस जफरच्याच गाडीत द्यायला लागला. भाव त्या साली वधारले नाहीत. पण गाडी रिकामी उभी राहिली नाही.

दोन वर्षांनी जमादाराची बदली झाली. वणीला जायचं होतं. बिऱ्हाड उचलायला गाडी हवी, तर त्यानं शिपायाकडून निरोप धाडला तो जफरलाच. जफरनं कपाट, पलंग, कूलर, तुळशीची कुंडी सगळं नीट दोरानं आवळलं. जमादाराची बायको-मुलं बसनं पुढं गेली होती. जमादार पुढं चढून बसला, पाय पसरले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"किती वेळ लागन?" त्यानं विचारलं, आणि लगेच हात वर केला. "जाऊ दे, नोको सांगू."

जफर हसला. गाडी फाट्यावरून पुढं गेली तेव्हा जमादाराची मान कलंडली होती, आणि वणी येईपर्यंत तो घोरत होता.